सर्व्हर लिहिण्याची रीत कशी घडली

एका यंत्रावर चालणाऱ्या दोन प्रोग्रॅमनी एकमेकांना निरोप द्यायचे, तर आधी त्यांची गाठ पडावी लागते. एकाने ठरलेल्या पत्त्यावर थांबायचे आणि दुसऱ्याने तो पत्ता शोधत यायचे. थांबणारा तो सर्व्हर, येणारा तो क्लायंट. असा सर्व्हर लिहिताना आज जवळपास प्रत्येक प्रणालीवर तेच चार कॉल करावे लागतात. सॉकेट या कॉलने संवादाचे टोक तयार होते, बाइंडने त्याला पत्ता मिळतो, लिसनने ते येणाऱ्यांसाठी खुले होते आणि ॲक्सेप्टने आलेले कनेक्शन हाती येते. ही रीत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संगणकशास्त्र विभागात १९८१ ते १९८३ या काळात ठरली. त्याआधीची दहा-बारा वर्षे युनिक्सवर काम करणारे लोक याच प्रश्नावर निरनिराळे तोडगे काढत होते. त्यांचे काय अडले हे पाहिल्याशिवाय बर्कलीच्या रचनेचे मोल कळत नाही.

युनिक्समध्ये निरोपांची पहिली वाट होती पाइपची. न्यू जर्सीतील मरे हिल येथे बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात लिहून ठेवले होते की, बागेतल्या नळीला नळी जोडावी तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. ती कल्पना केन थॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये युनिक्समध्ये उतरवली. एकाने लिहायचे, दुसऱ्याने वाचायचे, मधला साठा कर्नेलने सांभाळायचा. रचना सुंदर होती, पण तिला एक मोठी अट होती. पाइप आधी बनवायचा, मग फोर्क करून नवी प्रोसेस जन्माला घालायची आणि पाइपचे टोक तिला वारशाने द्यायचे, एवढा एकच मार्ग होता. म्हणजे पाइप चालायचा तो एका कुटुंबातल्या प्रोसेसमध्येच. यंत्र सुरू होताना उभा राहिलेला छपाईचा प्रोग्रॅम आणि दुपारी कोणी वापरकर्त्याने दिलेली छपाईची आज्ञा यांच्यात तसे नाते नसते. त्या दोघांना पाइपने जोडता येत नसे.

या उणिवेवर जे उपाय निघाले त्यांतला सर्वांत सरळ उपाय नावाच्या पाइपचा होता. फाइलव्यवस्थेत पाइपला नाव द्यायचे, म्हणजे कोणतीही प्रोसेस ते नाव उघडू शकेल. एटी अँड टीच्या सिस्टिम थ्री या आवृत्तीने ही सोय बाहेर आणली. गाठ पडण्याचा प्रश्न तिने सोडवला, पण तेवढाच. दहा क्लायंटनी एकाच नावाच्या पाइपमध्ये लिहिले की सगळ्यांचे लेखन एकाच प्रवाहात येते. कोणाचा निरोप कुठला हे सर्व्हरला निरोपातूनच ओळखावे लागते, आणि उत्तर पाठवायला प्रत्येक क्लायंटसाठी वेगळा पाइप उघडावा लागतो.

ओहायो राज्यातील कोलंबस येथील बेल प्रयोगशाळेच्या शाखेत वेगळ्या दिशेने काम झाले होते. टेलिफोन कंपनीच्या कामांसाठी तिथल्या युनिक्समध्ये निरोपांच्या रांगा, सेमाफोर आणि सामाईक स्मृती या तीन सोयी घालण्यात आल्या. १९८३ च्या सिस्टिम फाइव्हमधून त्या सर्वत्र गेल्या. निरोपांच्या रांगेत प्रत्येक निरोप अखंड राहतो, ही तिची जमेची बाजू. पण रांगेचा पत्ता म्हणजे एक आकडा, आणि तिचा हातात येणारा क्रमांक हा फाइल डिस्क्रिप्टर नव्हे. त्यामुळे फाइल, टर्मिनल आणि निरोपांची रांग या तिन्हींची एकत्र वाट पाहता येत नसे. शिवाय रांग बनवणारी प्रोसेस मेली तरी रांग तशीच पडून राही, आणि ती हुडकून पुसायला प्रणालीच्या व्यवस्थापकाला वेगळ्या आज्ञा वापराव्या लागत. युनिक्सचे बळ सगळे काही फाइलसारखे वागवण्यात होते. या सोयी त्या शिस्तीबाहेर राहिल्या आणि त्याची किंमत त्यांना कायम मोजावी लागली.

नेटवर्कच्या बाजूने आलेल्यांनी मात्र ती शिस्त पाळली होती. इलिनॉय विद्यापीठातील गटाने अर्पानेटशी जोडलेले युनिक्स तयार केले. मार्च १९७५ मध्ये स्टीव्ह होल्मग्रेन यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात दूरच्या यंत्राच्या नावाची एक विशेष फाइल असे. ती उघडली की कनेक्शन जुळे, आणि मग नेहमीच्या वाचण्या-लिहिण्याच्या कॉलनी संवाद होई. क्लायंटच्या दृष्टीने याहून सोपे काही असू शकत नाही. सर्व्हरच्या बाजूला मात्र फाइल उघडणे या एका क्रियेत पत्ता घेणे, थांबणे आणि येणाऱ्याला आत घेणे हे सगळे कोंबावे लागत होते.

१९८० मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेने बर्कलीतील बॉब फॅब्री यांच्या गटाला युनिक्स सुधारण्याचे काम दिले. डार्पाच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत निरनिराळी यंत्रे होती, आणि सगळ्यांवर चालेल अशी एक प्रणाली त्यांना हवी होती. पुढच्या टप्प्यात एक सल्लागार समिती नेमली गेली. तिच्यात बर्कलीचे फॅब्री, बिल जॉय व सॅम लेफलर, बेल प्रयोगशाळेचे डेनिस रिची, कार्नेगी मेलनचे रिक रशीद आणि केंब्रिजच्या बीबीएन कंपनीचे रॉब गर्विट्झ असे लोक होते. बीबीएनने टीसीपी/आयपीचा पहिला कोड पुरवला आणि जॉय यांनी तो मोठ्या प्रमाणात बदलून वेगवान केला. जॉय १९८२ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समध्ये गेल्यावर उरलेले काम लेफलर यांनी पार पाडले. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट टीसीपी/आयपीवर गेले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ४.२ बीएसडी ही बर्कलीच्या युनिक्सची आवृत्ती बाहेर पडली.

या कामाचा एक भाग आज विसरला जातो. डार्पाला केवळ इंटरनेटचा कोड नको होता. अनेक यंत्रांवर पसरलेल्या प्रणालींवर संशोधन करण्यासाठी प्रोसेसमधील निरोपांची एक सर्वसाधारण सोय हवी होती. म्हणून सॉकेटची रचना नेटवर्कपुरती नव्हती. सॉकेट बनवतानाच ‘क्षेत्र’ सांगायचे असे ठरले. इंटरनेट क्षेत्रात पत्ता म्हणजे यंत्राचा क्रमांक आणि पोर्ट. युनिक्स क्षेत्रात पत्ता म्हणजे फाइलव्यवस्थेतले एक नाव. पुढचे कॉल दोन्हीकडे तेच. त्याच यंत्रावरचा क्लायंट आणि समुद्रापलीकडचा क्लायंट यांना सर्व्हर एकाच कोडने भेटू शकला तो यामुळे. ४.२ बीएसडीमध्ये तर जुना पाइपसुद्धा आतून सॉकेटच्या जोडीने बनवला होता.

या रचनेतला सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय ॲक्सेप्ट या कॉलमध्ये आहे. कान देणारे सॉकेट स्वतः कधीच बोलत नाही. क्लायंट आला की ॲक्सेप्ट एक नवा डिस्क्रिप्टर परत देतो. संवाद त्यावर होतो, आणि मूळ सॉकेट पुढच्या माणसासाठी मोकळे राहते. त्यामुळे प्रत्येक क्लायंटचा प्रवाह वेगळा राहतो, उत्तर त्याच वाटेने परत जाते, आणि क्लायंट मेला की त्या डिस्क्रिप्टरवर वाचन संपल्याची खूण मिळते. नावाच्या पाइपला जे तीन प्रश्न सुटले नव्हते ते तिन्ही एका कॉलने सुटले. लिसनला दिलेला आकडा म्हणजे ॲक्सेप्ट होण्याची वाट पाहणाऱ्यांच्या रांगेची लांबी. बर्कलीने तिची कमाल मर्यादा पाच ठेवली होती. त्या काळच्या व्हॅक्स यंत्रांना पाच पुष्कळ होते.

हे सगळे एकत्र कसे चालते ते १९८६ च्या ४.३ बीएसडीमधील एलपीडी या छपाईच्या सर्व्हरमध्ये स्वच्छ दिसते. सुरुवातीला तो एका कुलूपफाइलवर ताबा मिळवतो, म्हणजे एका यंत्रावर दोन एलपीडी चालू राहत नाहीत. मग ‘डेव्ह’ या निर्देशिकेतील ‘प्रिंटर’ हे जुने नाव तो पुसून टाकतो. ही पायरी अनावश्यक वाटते, पण ती गाळली तर सर्व्हर दुसऱ्यांदा सुरूच होत नाही. युनिक्स क्षेत्रातील सॉकेटचे नाव सर्व्हर मेल्यावरही डिस्कवर राहते, आणि त्याच नावावर पुन्हा बाइंड करायला गेले की पत्ता वापरात असल्याची चूक मिळते. नाव पुसून झाल्यावर एलपीडी सॉकेट बनवतो आणि बाइंडच्या आधी प्रणालीचे इशारे तात्पुरते रोखून धरतो. सर्व्हर थांबवण्याचा इशारा नेमका मध्येच आला तर नाव अर्धवट मागे राहू नये, यासाठी ही काळजी. बाइंड झाले की पाच जणांच्या रांगेसह लिसन.

यानंतर तो दुसरे सॉकेट इंटरनेट क्षेत्रात उघडतो, कारण दुसऱ्या यंत्रांवरूनही छपाईची कामे येतात. एलपीडीचे ठरलेले पोर्ट ५१५. आता दोन दारांवर एकाच वेळी लक्ष ठेवायचे आहे, आणि त्यासाठी ४.२ बीएसडीनेच दिलेला सिलेक्ट हा कॉल आहे. कोणत्या डिस्क्रिप्टरवर हालचाल आहे हे सिलेक्ट सांगतो, एलपीडी तिथे ॲक्सेप्ट करतो आणि लगेच फोर्क करतो. जन्मलेली प्रोसेस दोन्ही कान देणारी सॉकेट बंद करते. क्लायंट बाहेरच्या यंत्रावरचा असेल तर तो परवानगी असलेल्या यादीत आहे का हे तपासते आणि मग त्याची मागणी वाचते. मूळ प्रोसेस नवा डिस्क्रिप्टर बंद करून पुन्हा सिलेक्टवर जाऊन थांबते. ते बंद करणे विसरले की दर क्लायंटमागे एक डिस्क्रिप्टर अडकून राहतो, आणि काही काळाने सर्व्हरला नवे कनेक्शन घेताच येत नाही. नव्याने सर्व्हर लिहिणाऱ्यांच्या हातून आजही ही चूक घडते.

एलपीडीची बोली अगदी छोटी होती. ओळीचा पहिला बाइट १ असेल तर रांगेतील छपाई सुरू करा, २ असेल तर नवे काम घ्या, ३ आणि ४ असतील तर रांगेची स्थिती थोडक्यात किंवा सविस्तर सांगा, ५ असेल तर काम रद्द करा. ओळ संपल्याची खूण हाच निरोपाचा शेवट. असा करार आवश्यक असतो, कारण प्रवाही सॉकेट निरोपांच्या सीमा जपत नाही. क्लायंटने दोनदा लिहिलेले सर्व्हरला एकदम मिळू शकते, आणि एकदा लिहिलेले तीन तुकड्यांत. प्रत्येक निरोपाआधी त्याची लांबी पाठवायची, किंवा शेवटाची खूण ठरवायची, असे दोन टिकाऊ मार्ग आहेत. छोट्या चाचणीत एका लेखनाला एक वाचन असे बहुधा जुळते. त्यावर विसंबून लिहिलेला सर्व्हर वर्दळ वाढली की मोडतो.

बर्कलीच्या रचनेत दोषही होते. युनिक्स क्षेत्रातील सॉकेटला फाइलचे नाव असते, पण ती फाइल नेहमीच्या ओपन कॉलने उघडता येत नाही. कनेक्टच करावे लागते. बेल प्रयोगशाळेतील रिची आणि डेव्ह प्रेसोटो यांना हे पटले नाही. १९८५ मध्ये त्यांनी आठव्या आवृत्तीच्या युनिक्समधील पर्याय मांडला. त्यात सर्व्हर आपल्या प्रवाहाला फाइलव्यवस्थेत नाव देई आणि क्लायंटने ते नाव उघडले की कर्नेल त्यांच्यासाठी नवी वाट तयार करी. पुढे प्लॅन ९ मध्ये हीच दिशा टोकापर्यंत नेली गेली. तिथे नेटवर्क कनेक्शन म्हणजे ‘नेट’ निर्देशिकेतील फाइलींचा समूह. रचनेच्या निर्मळपणात हे पर्याय सरस होते. तरी चलनात राहिली ती बर्कलीची रीत, कारण तिचा कोड विद्यापीठांत आणि नव्या वर्कस्टेशनवर आधीच चालू होता. १९८९ मध्ये बर्कलीने नेटवर्कचा भाग एटी अँड टीच्या परवान्याशिवाय वापरता येईल असा वेगळा प्रसिद्ध केला, आणि मग तो कुठेही जायला मोकळा झाला. एटी अँड टीने सिस्टिम फाइव्हच्या तिसऱ्या आवृत्तीत टीएलआय नावाची स्वतःची पद्धत आणली होती. चौथ्या आवृत्तीत तिच्या शेजारी सॉकेटलाही जागा द्यावी लागली. विंडोजसाठी विनसॉकची १.१ ही आवृत्ती जानेवारी १९९३ मध्ये आली. पॉसिक्स प्रमाणाच्या २००१ च्या आवृत्तीत सॉकेटला अधिकृत स्थान मिळाले.

सर्व्हरांची संख्या वाढली तशी एक नवी अडचण पुढे आली. प्रत्येक सेवेसाठी एक प्रोसेस नुसती थांबून राहिली तरी स्मृती खाते. ४.३ बीएसडीतील आयनेटडी या सर्व्हरने सर्वांच्या वतीने थांबण्याचे काम स्वतःकडे घेतले. तो सगळ्या पोर्टवर सिलेक्ट करी, क्लायंट आला की त्या सेवेचा प्रोग्रॅम सुरू करी आणि कनेक्शन त्याच्या प्रमाण इनपुट-आउटपुटला जोडून देई. सर्व्हर लिहिणाऱ्याला सॉकेटचे नावही घ्यावे लागत नसे. कीबोर्डवरून वाचावे तसे वाचायचे.

त्या सोयीत धोका होता. फिंगरडी हा आयनेटडीखाली चालणारा प्रोग्रॅम ५१२ बाइटच्या जागेत एक ओळ वाचत असे, आणि लांबी न तपासणाऱ्या गेट्स या फंक्शनने वाचत असे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेल्या वर्मने त्यापेक्षा लांब ओळ पाठवून व्हॅक्स यंत्रांचा ताबा घेतला. ॲक्सेप्टनंतर हाती येणारा प्रत्येक बाइट परक्याचा असतो, याची जाणीव सर्व्हर लिहिणाऱ्यांना त्या घटनेने करून दिली.

लिसनच्या रांगेवरचा हल्ला आठ वर्षांनी आला. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीचे सर्व्हर ठप्प झाले. हल्लेखोर खोट्या पत्त्यांवरून कनेक्शनची फक्त पहिली पाकिटे पाठवत होता. अर्धवट जुळलेले प्रत्येक कनेक्शन सव्वा मिनिटाच्या आसपास रांगेत जागा अडवून बसे, आणि खऱ्या क्लायंटला आत येताच येत नसे. डॅनियल बर्नस्टीन यांनी सुचवलेल्या सिन-कुकीच्या युक्तीने हा प्रश्न मुळाशी हाताळला. सर्व्हरने काहीच साठवायचे नाही. आवश्यक माहिती उत्तराच्या क्रमांकातच गुंफायची आणि क्लायंट परत आला तर त्यातूनच ओळखायची.

वेबच्या काळात दर क्लायंटमागे फोर्क करणे परवडेनासे झाले. १९९५ मध्ये आलेल्या अपाचीने प्रोसेस आधीच जन्माला घालून ठेवल्या आणि त्या सगळ्या एकाच सॉकेटवर ॲक्सेप्टसाठी थांबवल्या. अनेक जुन्या कर्नेलांवर एक कनेक्शन आले की थांबलेल्या सगळ्या प्रोसेस जाग्या होत, एकीला काम मिळे आणि बाकीच्या पुन्हा झोपत. म्हणून आळीपाळीने ॲक्सेप्ट करण्यासाठी कुलूप घालावे लागले. १९९९ मध्ये डॅन केगल यांनी एका सर्व्हरवर एकाच वेळी दहा हजार क्लायंट का नसावेत, हा प्रश्न मांडला. सिलेक्टला ते झेपणारे नव्हते. बहुतेक प्रणालींवर त्याची यादी १,०२४ डिस्क्रिप्टरांची असे, आणि प्रत्येक वेळी ती पूर्ण यादी कर्नेलला नव्याने द्यावी लागे. २००० मध्ये फ्रीबीएसडीत जोनाथन लेमन यांचा केक्यू आला, आणि २००२ मध्ये लिनक्सच्या विकासाधीन कर्नेलमध्ये दाविदे लिबेन्झी यांचा ईपोल. दोन्हींत डिस्क्रिप्टर एकदाच नोंदवायचे आणि कर्नेलने फक्त हालचाल झालेले परत द्यायचे. इगोर सिसोएव्ह यांचा एन्जिनएक्स याच पायावर उभा राहिला. लिनक्सच्या आयओ-युरिंगमध्ये २०२२ पासून ॲक्सेप्टची मागणीही एकदाच नोंदवता येते. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक कनेक्शनचा डिस्क्रिप्टर मिळत राहतो. चाळीस वर्षांत बदलली ती मुख्यतः वाट पाहण्याची पद्धत. ॲक्सेप्टचा अर्थ १९८३ मध्ये होता तोच राहिला.

सर्व्हर लिहिण्याचे हे शिक्षण एका पिढीने रिचर्ड स्टीव्हन्स यांच्या १९९० च्या युनिक्स नेटवर्क प्रोग्रॅमिंगवरील ग्रंथातून घेतले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातही टीसीपी सॉकेटवर क्लायंट आणि सर्व्हर लिहिण्याचे प्रात्यक्षिक असते. अशा प्रात्यक्षिकांत भर नेटवर्कवर असतो. एकाच यंत्रावरच्या सॉकेटची ओळख बहुधा नोकरीत होते.

वास्तविक एकाच यंत्रावरची ही वाट फार वर्दळीची आहे. एक्स विंडोचा सर्व्हर आपल्या क्लायंटांना ‘टीएमपी’ निर्देशिकेतील सॉकेटवर भेटतो. पोस्टग्रेस्क्यूएल तसेच करतो, आणि पलीकडे कोणता वापरकर्ता आहे हे थेट कर्नेललाच विचारतो, त्यामुळे पासवर्डची गरज उरत नाही. डी-बस, सिस्टिमडी आणि डॉकर यांचे काम युनिक्स क्षेत्रातील सॉकेटवरच चालते. त्या वाटेने एक प्रोसेस दुसरीला उघडलेला डिस्क्रिप्टरही देऊ शकते. नेटवर्कवरून हे शक्य नाही. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये विंडोज १० मध्ये युनिक्स क्षेत्रातील सॉकेट आणले, म्हणजे ४.२ बीएसडीनंतर पस्तीस वर्षांनी. डिस्क्रिप्टर देण्याची सोय मात्र त्यात नव्हती.